पातेल्यात आधी मी उतरलो

मित्रांनो, मी एक जुना कापडाचा तुकडा आहे. तळहाताएवढा, नारिंगी, एका कोपऱ्याला छोटी खाच असलेला. कुणी मला रुमाल समजतं, कुणी बाहुलीची ओढणी. मी दोन्ही नाही. मी नमुना आहे. 'काय नमुना आहे बघा' असं शेजारच्या काकांबद्दल म्हणतात, तसला नव्हे, रंगाचा नमुना. मोठं कापड रंगात घालण्याआधी ज्याला एकट्याला बुडवून बघतात, तो मी. बिघडलं तर माझंच बिघडावं, म्हणून माझी नेमणूक.

माझा जन्म एका गिरणीत झाला. बारीक दाणे वितळवून त्यांचे केसाहून पातळ धागे ओढतात, त्याला नायलॉन म्हणतात. विणताना ठरावीक अंतरावर एक जाड धागा घालतात. त्यामुळे माझ्या अंगभर चौकडी आहे. कुठे फाटलंच तर ते फाटणं पुढच्या चौकटीशी येऊन थांबतं. हा आमच्या घराण्याचा मोठा गुण. मी तेव्हा पांढरा होतो. आमचा तागा तंबू शिवणाऱ्यांकडे गेला आणि ताग्याच्या शेवटी जो थोडा भाग उरला, तो गुंडाळी करून विकला गेला. त्या गुंडाळीतून मी एका घरी आलो.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा डोंगर दिसायचा. डोंगरावर अर्ध्या उंचीला पाण्याची जुनी टाकी होती आणि टाकीपाशी पायवाट वळायची. खिडकीच्या एका बाजूला शेगडी, दुसऱ्या बाजूला शिलाईचं मशीन. मशीनवर त्या घरातल्या लहानग्या टिल्लीची आई बसायची. डोंगरात भटकणाऱ्यांसाठी ती पाठीवरच्या सॅका, पावसाची कव्हरं, लहान तंबू असं शिवायची. दुकानात हवा तो रंग मिळाला नाही की पांढरं कापड आणून घरीच रंगवायची.

आईचा स्वभाव काळजीचा. गॅस बंद केला का, हे ती बघायची. मग आपण नीट बघितलं का, हेही बघायची. रंगाचं पातेलं चढवलं की शेगडीपुढे जमिनीवर खडूने रेघ मारायची. टिल्लीने रेघेच्या आत यायचं नाही. टिल्ली चार वर्षांची होती. ती पायाची बोटं बरोबर रेघेवर ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "मी आत नाही. मी रेघेवर आहे."

घरातलं तिसरं माणूस म्हणजे टिल्लीचे आजोबा. आई त्यांना अप्पा म्हणायची. आजोबा रंगारी होते, भिंतींचे. आता काम सुटलं होतं, पण भिंत दिसली की बोट फिरवून बघायची सवय सुटली नव्हती. आयुष्यभर लोकांची घरं रंगवली आणि स्वतः राखाडी सदरा, मातकट पँट घालून फिरले. बदामी, दुधाळ आणि फिकट राखाडी, एवढ्या तीनच रंगांवर त्यांचा विश्वास होता. "रंग लावलाय हे बघणाऱ्याला कळलं की रंगारी नापास," असं ते म्हणायचे.

आजोबांची एकच चैन होती. रोज सकाळी ते एकटे डोंगर चढून यायचे. एक दिवस वर धुकं उतरलं, आजोबा पलीकडच्या बाजूने खाली गेले आणि दुपार उलटल्यावर एका दूधवाल्याच्या गाडीतून घरी आले. दूधवाला हसत होता. घरात कुणी हसलं नाही.

टिल्लीचे बाबा दुसऱ्या गावी नोकरीला होते आणि रविवारी घरी यायचे. त्या संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, "आता अप्पांचं डोंगरावर जाणं बंद."

आजोबा शेजारीच पेपर वाचत असल्यासारखे बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"बंद केलं तर ते घरात बसून कुढतील हो," आई म्हणाली.

"कुढू देत. सापडतील तरी."

"हे बघा, टाकीच्या वळणावर पोचले की ते मला खिडकीतून दिसले पाहिजेत. दिसले तर रोज जाऊ देत. नाही दिसले तर मी स्वतः त्यांचे बूट माळ्यावर टाकीन."

"तिथून माणूस ठिपक्याएवढा पण दिसत नाही."

"मग ठिपका रंगवते मी."

बाबा म्हणाले, "रविवारी मी स्वतः खिडकीत उभा राहीन. मला दिसले तर ठीक. नाहीतर विषय संपला."

अशी ती बोली झाली आणि आईने कात्री घेतली. आजोबांसाठी ती नवी सॅक शिवणार होती, आणि सॅकचा रंग असा हवा होता, की डोंगराला तो लपवता येऊ नये. गुंडाळीच्या कडेवरून तिने मला कापलं, खूण म्हणून कोपऱ्याला खाच दिली आणि धागे सुटू नयेत म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीवरून माझ्या कडा झरकन फिरवल्या. कडा वितळून जराशा कडक झाल्या. चटका बसला, पण त्यामुळे मी आजवर उसवलेलो नाही.

मला काचेच्या बरणीत घालून बरणी गरम पाण्यात ठेवली. मित्रांनो, नायलॉन रंगतं कसं ते सांगतो, कारण पुढचा घोटाळा त्यावरच आहे. पाणी थंड असेल तर रंग आमच्या दारात नुसता घुटमळतो. पाणी तापलं, वाफ येऊ लागली आणि त्यात व्हिनेगर पडलं, की आमची दारं उघडतात आणि रंग आत येऊन बसतो. भिंतीचा रंग भिंतीवर असतो. आमचा आमच्या आत असतो. म्हणून पूड एवढीशी लागते, आणि शेवटी पातेल्यातलं पाणी पुन्हा जवळजवळ नितळ होतं. सगळा रंग कापडाने पिऊन टाकलेला असतो.

मी बरणीतून निघालो तो असा झगझगीत, की आईने डोळे मिचकावले. वाळल्यावर तिने मला झाडूच्या दांड्याला बांधलं, झाडू गच्चीच्या त्या टोकाला उभा केला आणि स्वतः या टोकाला येऊन बघितलं.

"आई, झाडूचा वाढदिवस आहे?" टिल्लीने विचारलं.

"आहे असं समज," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मोकळेपणाने हसली होती.

आजोबांनी मला दोन बोटांत धरलं. "हा रंग? रस्ता खणला की शंकू ठेवतात ना, त्याचा आहे हा. मी काय खड्डा आहे?"

"खड्डा दिसतो म्हणून माणसं वाचतात, अप्पा."

"जरा उतरव की. थोडा विटकरीकडे ने."

"एक छटासुद्धा उतरवणार नाही," आई म्हणाली आणि तिने मला चिमटा लावून शेगडीवरच्या दोरीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी सॅकचं मोठं कापड पातेल्यात उतरलं. हे पातेलं स्वयंपाकाचं नव्हे. रंगाच्या पातेल्यात खाण्याचं काही कधीच शिजवायचं नसतं, म्हणून आईने त्याच्या कडीला लाल दोरा बांधला होता. तिने कापड आधी कोमट पाण्यात भिजवलं, पूड विरघळवून गाळून घेतली आणि लाकडी दांड्याने ढवळायला सुरुवात केली. ढवळणं थांबलं की कापडावर डाग पडतात, त्यामुळे हात हलता ठेवावा लागतो. आई ढवळत होती, खडूच्या रेघेकडे बघत होती आणि मला बघून मान डोलावत होती.

तेवढ्यात न्हाणीघरातून बादली उपडी झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ टिल्लीचा भोंगा.

"अप्पा, जरा ढवळत राहा, आलेच मी!"

आजोबांनी दांडा घेतला. त्यांचा हात सवयीचा होता, लय बरोबर धरली. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग वर माझ्याकडे बघितलं. "डोळ्यांत खुपतो मेला," असं ते पुटपुटले. शेल्फवर निळ्या पुडीची बाटली होती. बादलीभर पिवळ्या रंगात चमचाभर निळा टाकला, की भिंत कशी शांत होते, हे त्यांनी उभा जन्म बघितलं होतं. इथे तर त्यांनी फक्त चिमूटभर घेतली. कुणाला कळणारही नाही, एवढीशी. त्यांच्या हिशेबाने ती काहीच नव्हती. पण त्यांचा हिशेब भिंतीचा होता.

पाणी गढूळ झालं. मी दोरीवरून बघत होतो. आम्हा कापडांना ओरडता येत नाही, नाहीतर मी त्या दिवशी सगळी इमारत गोळा केली असती. आजोबा घाबरून जोरात ढवळू लागले. हळूहळू पाणी पुन्हा नितळ झालं. निळी चिमूट कापडाच्या पोटात गेली होती आणि बाहेर काहीच उरलं नव्हतं.

टिल्लीला पुसून आई परत आली. कापड उचलून बघते तर तांबूस तपकिरी.

"असं कसं झालं?"

"ओलं आहे," आजोबा म्हणाले. "ओला रंग गडदच दिसतो. वाळला की उजळेल."

ओला रंग गडद दिसतो हे खरं आहे. आणि रंगाच्या बाबतीत आजोबांवर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर? आईने कापड वाळवलं. ते जरासं उजळलं आणि विटकरीवर थांबलं. आईने वजनकाटा तपासला, पुडीची बाटली तपासली, स्वतःच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारली. "माझंच माप चुकलं असणार. मन ठिकाणावर कुठे असतं माझं!"

आजोबा म्हणाले, "विटकरी पण लांबून उठून दिसतो की. चांगला झालाय." आणि ते आपला चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

गुंडाळीत आता अगदी थोडं कापड उरलं होतं. रविवार जवळ आला होता. खोलीत पांढऱ्या भिंतीपुढे धरलं, तर कापड खरंच उठून दिसत होतं. आईने सॅक शिवली. शनिवारी सकाळी ती आजोबांच्या पाठीवर चढवली, पट्टे ओढले आणि म्हणाली, "आज आपण करून बघू. टाकीच्या वळणावर थांबा. मी खिडकीत आहे."

आजोबा गेले. आई खिडकीत उभी राहिली. मला तिने दोरीवरून काढून हातात घेतलं होतं, रंगाला रंग लावून बघायला.

पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते. गवत वाळून तांबूस झालं होतं. पायथ्यापासून टाकीपर्यंत सगळा डोंगर विटकरी झाला होता.

आजोबांची वळणावर पोचायची वेळ झाली. वळण रिकामं होतं. आई म्हणाली, "हळू चालत असतील." आणखी थोडी वाट बघितली. वळण रिकामंच. "बूट बांधत असतील." मी तिच्या मुठीत होतो आणि मूठ ओली होत चालली होती. एकदम तिने गॅस बंद केला, टिल्लीला कडेवर घेतलं आणि निघाली. गॅस बंद झाला का, हे तिने दुसऱ्यांदा बघितलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार वर्षांचं मूल कडेवर घेऊन डोंगर चढणं सोपं नसतं. तिच्या घरातल्या चपला सटकत होत्या. "अप्पा! अप्पा हो!" वाऱ्याने हाक उलटी घरी पाठवली. टाकी आली. आई वळणावर उभी राहिली आणि चारी बाजूंना बघत राहिली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, उतारावरच्या गवताकडे बघितलं. कुणी नाही. धुकंही नव्हतं, की त्याला दोष द्यावा. ती पुढे चालू लागली.

तेवढ्यात कडेवरून टिल्ली म्हणाली, "आई, गवत शिंकलं."

आई थांबली.

"खरंच. ते गवत शिंकलं."

उताराच्या गवतात, पायवाटेपासून चार पावलांवर, आजोबा दगडावर बसले होते. पाठ वाटेकडे होती. राखाडी सदरा, विटकरी सॅक. वळणावर सांगितल्याप्रमाणे ते उभे राहिले होते, पाय दुखले तसे बसले होते. आईची हाक वाऱ्यात त्यांना ऐकूच आली नव्हती. शिंक आली, म्हणून मान फिरवली आणि समोर सून: केस सुटलेले, एक चप्पल हातात, तोंडाला रंग नाही.

"अगं, काय झालं?"

आई तिथेच खाली बसली. "मी तुमच्याकडे बघितलं, अप्पा. सरळ तुमच्याकडे बघितलं आणि पुढे निघाले."

आजोबांनी सॅक उतरवून शेजारी ठेवली.

"माझ्याच हाताने शिवलेली सॅक मला चार पावलांवरून दिसली नाही. उद्या त्यांना काय दाखवू? माझंच चुकलं. कसला रंग करून ठेवला मी!"

मित्रांनो, आजोबांना तेव्हाही गप्प बसता आलं असतं. चूक आईने स्वतःच अंगावर घेतली होती. साक्षीदार मी एकटाच, आणि मी तर मुठीत चुरगळलेलो. पण ती रडत म्हणत होती 'माझंच चुकलं', आणि ते त्यांना ऐकवेना.

"तुझं माप बरोबर होतं," ते म्हणाले. "तू टिल्लीला बघायला गेलीस तेव्हा मी निळा टाकला. चिमूटभर."

आईने वर बघितलं. "का?"

"लाज वाटली गं. वाटेत चार ओळखीचे भेटतात. म्हणतील, म्हातारा हरवतो म्हणून सुनेने खूण बांधलीय. बकरीच्या गळ्यात घंटा बांधतात तशी."

"बकरी ऐकते तरी," आई म्हणाली. मग डोळे पुसून, जरा हळू आवाजात, "त्या चार लोकांना दिसावं म्हणून नाही हो रंगवत होते. मला दिसावं म्हणून. तुम्ही वळणावर दिसलात, की मी मशीनवर बसणार. इतकंच."

आजोबांनी तिच्या मुठीतून मला सोडवून घेतलं, मांडीवर ठेवून अंगठ्याने सारखं केलं आणि वाळक्या गवतावर धरून लांबून बघितलं. रंगाऱ्याने बघावं तसं, एक डोळा मिटून.

"दिसतोय," ते म्हणाले. "चल. पाणी तापव. ढवळतो मी."

विटकरीचा पुन्हा नारिंगी होत नाही. एकदा आत बसलेला रंग गडद करता येतो, मागे नेता येत नाही. गुंडाळीत उरलेलं कापड सॅकच्या पाठीएवढंच होतं, जेमतेम. तेही बिघडलं असतं, तर रविवारचा निकाल खिडकीत उभं राहण्याआधीच लागला असता. त्या दुपारी आजोबांनी एका हाताने दांडा फिरवला आणि दुसऱ्या हातात मला धरलं. आईने निळी बाटली उचलून कपाटात ठेवली. ते बघून आजोबा म्हणाले, "कुलूपही लाव." "लावणारच होते," आई म्हणाली. टिल्ली रेघेवर उभी राहून दोघांनाही दटावत होती. आजोबा मधेच कापडाचा कोपरा वर उचलायचे, निथळू द्यायचे, माझ्याशेजारी धरायचे. "नाही अजून." पुन्हा ढवळायचे. "नाही." घाम डोळ्यांत गेला, तरी हात थांबला नाही. पाणी नितळ झालं तेव्हा कापड आणि मी सख्खे भाऊ दिसत होतो. माझ्या आयुष्यातलं खरं काम मी त्या दिवशी केलं.

आईने विटकरी सॅकच्या पाठीवर नारिंगी कापड शिवून बसवलं. पुढून सॅक आजोबांच्या मनासारखी, मागून आईच्या.

रविवारी बाबा खिडकीत हाताची घडी घालून उभे राहिले. आजोबा निघून गेले होते. मी दोरीवर होतो.

"मला तर काही दिसत नाही," बाबा म्हणाले.

"अजून पोचले नाहीत ते. जरा धीर धरा."

मग वळणावर एक ठिणगी पेटल्यासारखं झालं. एवढासा ठिपका, पण सगळ्या डोंगराला त्याचं काही करता येईना. टिल्ली ओरडली, "आजोबा!"

बाबांनी घडी सोडली. पुढे वाकले. "दिसले. पण हे असे का उभे आहेत? हलत का नाहीत?"

रंग सॅकच्या पाठीवर होता. घरातून दिसायचं तर आजोबांना घराकडे पाठ करून उभं राहावं लागत होतं. आम्ही त्यांना दिसत नव्हतो. आपण दिसलो की नाही, हेही त्यांना कळत नव्हतं. तरी ते उभे होते. वर वारा असणार, कारण डोंगरावरचं गवत लाटांसारखं हलत होतं. मधेच ठिपका जरासा कलला, बहुधा त्यांनी पायावरचा भार बदलला, पण पाठ फिरू दिली नाही. पुरेसा वेळ झाला, मग त्याहून जास्त झाला, आणि तेव्हा कुठे तो ठिपका सावकाश वर चढू लागला.

बाबा खिडकीतून मागे सरले आणि म्हणाले, "बूट झिजलेत त्यांचे. पुढच्या वेळी येताना नवे आणतो."

आई मशीनवर जाऊन बसली.

त्यानंतर मी अनेक वर्षं काम केलं. नारिंगी काहीही रंगवायचं असलं, की मला खाली उतरवायचे आणि पातेल्याशी धरायचे. आता उन्हाने माझी एक बाजू फिकी झाली आहे आणि आईने नवा नमुना केला आहे. त्याची कड कोवळी आहे, पण मुलगा बरा आहे. मला टाकून दिलेलं नाही, एवढं पुष्कळ झालं.

मित्रांनो, मोठं काम हाती घेण्याआधी माझ्यासारखा एक छोटा तुकडा आधी बुडवून बघत जा, आणि काम झाल्यावर त्याला केरात टाकू नका. शेगडीवर पातेलं असेल तेव्हा रेघेच्या बाहेर राहा. रेघेवर नाही, बाहेर. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही शाळेला, खेळायला, लांब कुठेतरी जाता, तेव्हा घरी कुणीतरी खिडकीशी उभं असतं. ते 'पोचलास की कळव' म्हणतात, तुम्हाला वैताग येतो, मित्रांसमोर लाज वाटते. त्यांना तुमच्यावर पहारा ठेवायचा नसतो. हातातलं काम पुढे न्यायचं असतं, आणि तुम्ही दिसल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. तेव्हा वळणावर क्षणभर थांबा. त्यांना दिसा. आणि मग खुशाल वर चढा.